साठ हजारांची यादी

आमच्या घरात याद्यांना कधी तोटा नव्हता. महिन्याच्या वाणसामानाची यादी, दसरा उलटला की निघणारी फराळाच्या जिनसांची यादी, बहिणीच्या लग्नात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मांडी ठोकून केलेल्या याद्या, आणि आईच्या शेवटच्या वर्षात माझ्या खिशात सतत असणारी औषधांची यादी. यादी हातात आली की पेन्सिल घ्यायची, बेरीज करायची आणि मग काट कुठे मारता येईल ते पाहायचे, ही माझी तीस वर्षांची सवय. त्यामुळे २०२३ सालचा दसरा होऊन दोन दिवस झाले असतील-नसतील तोच चिरंजीवांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे चष्मा लावला आणि पेन्सिल शोधली.

कागदावर नऊ ओळी होत्या. अक्षर मुलाचे होते. भाषा मात्र कोणत्या मुलखातली होती कोण जाणे! ‘रायझन ५ ५६००’, ‘आरएक्स ६६००’, ‘१६ जीबी डीडीआर ४’... प्रत्येक ओळीपुढे एक आकडा होता आणि तळाशी बेरीज होती : ७२,०००. तिच्याखाली दुसऱ्या शाईने लिहिले होते : ‘आपल्याजवळ ६०,०००.’

या साठ हजारांचा इतिहास थोडक्यात सांगतो. त्यातले बावीस हजार त्याचे स्वतःचे. दोन वर्षे शेजारच्या मुलांना गणित शिकवून त्याने ते जमवले होते. उरलेले अडतीस हजार मी कबूल केले होते, आणि ते कबूल करताना मनात थोडी खळखळ होतीच. संगणक हवा हे मला मान्य होते. पण तो हवा होता खेळ खेळण्यासाठी. एकोणीस वर्षांच्या मुलाने सरळ सांगावे, ‘बाबा, अभ्यासही होईल, पण मला मुख्यतः गेम खेळायचे आहेत,’ याचे कौतुक करावे की कान धरावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

‘अरे, मग तयार मिळतो तोच आण ना,’ मी म्हणालो. ‘सुटे भाग आणून घरी जुळवायचे, म्हणजे पिठाची गिरणी असताना जात्यावर बसण्यासारखं झालं.’

त्यावर त्याने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. तयार यंत्राच्या जाहिरातीत प्रोसेसरचे नाव मोठ्या अक्षरांत असते, मेमरी किती तेही असते. पण मदरबोर्ड कुठला आणि वीज पुरवणारा डबा कुठला, याचा पुष्कळदा उल्लेखच नसतो. विकणारा काटकसर करतो ती नेमकी तिथे. स्वतः जुळवले की निदान काटकसर कुठे करायची हे आपण ठरवतो. हा मुद्दा माझ्यासारख्याला पटण्याजोगा होता. काटकसरीचा हक्क दुसऱ्याला का द्या?

मग आम्ही ती यादी घेऊन बसलो, आणि पुढचे चार दिवस रोज रात्री जेवणानंतर बसतच गेलो. मी एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचे आणि त्याने सांगायचे, असा क्रम होता. सर्वांत मोठा आकडा ग्राफिक्स कार्डाचा, २०,५०० रुपये. पडद्यावरचे चित्र काढणे हे त्याचे काम. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात हे मला ठाऊक होते; खेळात निदान साठ लागतात, आणि ती आधी काढून ठेवता येत नाहीत. खेळणारा कुठे वळेल ते कुणाला माहीत? तो वळला की त्या क्षणी नवे चित्र काढावे लागते. म्हणून खेळासाठीच्या यंत्रात पैशाचा मोठा वाटा या कार्डाकडे जातो.

‘मग सगळेच पैसे तिथे घाल,’ मी म्हणालो.

‘घालून उपयोग नाही. चित्रात काय असायला हवं ते प्रोसेसरनं आधी सांगायला हवं ना! तो मागे पडला की कार्ड नुसतं वाट बघत बसतं.’

हे मला लगेच समजले. खिलारी बैलाच्या जोडीला थकलेला बैल जुंपला की गाडी थकलेल्याच्याच चालीने चालते. त्याने निवडलेला प्रोसेसर सहा गाभ्यांचा होता, १२,५०० रुपयांचा. या जोडीत दोघांची चाल सारखी पडते, असे त्याचे म्हणणे. रॅमच्या पट्ट्या सुद्धा सोळाची एक न घेता आठ-आठच्या दोन घ्यायच्या, कारण मग मेमरीकडे जायला एकाऐवजी दोन वाटा होतात. त्यांचे ३,६०० रुपये.

प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिलाही पिढ्या असतात. त्याने निवडलेली बैठक, एएम ४, ही २०१६ पासूनची. २०२२ साली एएम ५ आली. पण तिला डीडीआर ५ ही नवीच मेमरी लागते, आणि तिचे बोर्डही महाग होते. जुन्या बैठकीत नवा प्रोसेसर बसत नाही आणि नवीत जुना. आमच्याकडे पत्रिका जुळत नसली तर गुरुजी काहीतरी तोड काढतात. इथे तोडच नाही. छिद्रे जुळली तर जुळली. ‘पुढे नव्या बैठकीचा प्रोसेसर हवासा वाटला तर?’ मी विचारले. ‘तेव्हा बोर्ड बदलावा लागेल. पण आज साठ हजारांत जे बसतं ते हे,’ तो म्हणाला. हा मुलगा एरवी चपला घेताना सुद्धा दोन दुकाने पालथी घालून रिकाम्या हाताने परत येतो. त्याच्या तोंडी असे शहाणपण ऐकून मी गप्प बसलो.

मग काटछाट सुरू झाली. कीबोर्ड आणि माऊस घरात जुने होते. दोन हजार वाचले. साडेआठ हजारांचा मदरबोर्ड साडेसहावर आला. एक टेराबाइटची एसएसडी निम्मी केली; ४,८०० चे २,८०० झाले. काचेच्या भिंतीचे आणि आत रंगीत दिवे लावलेले कॅबिनेट पाच हजारांचे होते. त्या दिव्यांवर त्याचा जीव होता हे मला दिसत होते. पण त्याने स्वतःच ते खोडले आणि साधे, पुढे जाळी असलेले, २,८०० चे पत्र्याचे लिहिले. ‘जाळीतून हवा बरी जाते,’ असे वर म्हणाला. द्राक्षे आंबट असतात, तशी जाळी हवेशीर असते!

एवढे करूनही बेरीज ६३,८०० च्या खाली येईना. आणि तिथे माझी पेन्सिल एका ओळीवर थांबली. ‘एसएमपीएस, ५५० वॅट : ४,६००.’ हा वीज पुरवणारा डबा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि यंत्राला लागते तशी बारा, पाच आणि ३.३ व्होल्टची करून द्यायची, एवढेच याचे काम. ना तो चित्र काढत, ना हिशेब करत. कॅबिनेटच्या तळघरात बसतो आणि दिसतही नाही. मी चौकशी केली तेव्हा कचेरीतल्या एकाने सांगितले की ‘पाचशे वॅट’ असे लिहिलेला डबा आठशे रुपयांना सुद्धा मिळतो. प्रोसेसरला ६५ वॅट, कार्डाला १३२. बाकीचे सगळे धरले तरी तीनशेच्या आत. मग पाचशे पुष्कळ झाले की! ४,६०० तून ८०० वजा जाता ३,८००. हिशेब चोख जुळत होता. मी काट मारली.

‘बाबा, बाकी काहीही कापा, हे नको.’

त्याने कारणे सांगितली. स्वस्त डब्यावर लिहिलेला आकडा हा पुष्कळदा केवळ लिहिलेला असतो. खरा भार पडला की तो तेवढी वीज देऊ शकत नाही. चांगल्या डब्यावर ‘एटी प्लस’ची खूण असते, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के कामी लागते, उरलेलीच उष्णता होऊन जाते. आत कुठे शॉर्ट झाले, भार वाढला, तर चांगला डबा स्वतःहून बंद होतो. वाईट डबा जातो तेव्हा बोर्ड, कार्ड, जे सापडेल ते बरोबर घेऊन जाऊ शकतो.

मी माझे म्हणणे सोडले नाही. ‘जाऊ शकतो’ आणि ‘जातो’ यांत फरक आहे; शेकडो लोक तोच डबा वापरत असतील; न दिसणाऱ्या वस्तूवर साडेचार हजार घालणे मला परवडत नाही; वगैरे वगैरे. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण आतून पत्नीने डोकावून पाहिले.

मुलगा कागदाकडेच पाहत होता. मग हळूच म्हणाला, ‘आजीच्या खोलीची भिंत आठवते ना, बाबा?’

इथे मला एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि माझी समजूत अशी होती की ती घरात कुणाला ठाऊकही नाही.

डोंबिवलीतली आमची जागा आम्ही २००४ साली दुरुस्त करून घेतली. तेव्हाही अशीच एक यादी होती आणि बेरीज जमत नव्हती. वायरमनने तारांचा एक आकडा दिला होता. मी त्याला विचारले, यात काही कमी होईल का? तो म्हणाला, ‘साहेब, बारीक तार घातली तर होईल, पण पुढं एसी-बिसी लावायचा झाला तर जड जाईल.’ एसी आमच्या स्वप्नातही नव्हता. मी बारीक तार घालायला सांगितली, आणि वाचलेल्या पैशांत दिवाणखान्याला चकचकीत फरशी बसवली. आल्यागेल्याने त्या फरशीची तारीफ केली. भिंतीतल्या तारेची तारीफ करायला कोण येतो?

पुढे आईला उन्हाळा सोसेना, म्हणून २०१० मध्ये तिच्या खोलीत एसी लावला. वायरमनचे शब्द तोवर मी विसरलो होतो. २०११ च्या मे महिन्यात एका रात्री त्या भिंतीतून धूर आला. आई झोपली होती. पत्नीला वास आला म्हणून बरे. आम्ही आईला उचलूनच बाहेर आणली, मेन बंद केला आणि जिन्यात बसून राहिलो. आईला काही इजा झाली नाही. ती २०१९ साली गेली ती म्हातारपणाने गेली. पण त्या रात्रीनंतर त्या खोलीत ती दार लावून कधी झोपली नाही. दुसऱ्या दिवशी भिंत फोडली तेव्हा जिथे चार चौरस मिलिमीटरची तार हवी तिथे दीडची निघाली. नव्या वायरमनने जुन्याला शिव्या दिल्या. मी तिथे उभा होतो. त्या शिव्या माझ्या आहेत हे मी बोललो नाही.

मुलगा त्या वेळी सात वर्षांचा होता. भिंत फोडताना तो माझ्या शेजारी उभा होता आणि जळक्या तारेचा तुकडा खेळायला मागत होता, एवढे मला आठवते. त्याने काय ऐकले, काय ताडले, पुढे आजीकडून त्याला काही कळले का, हे मी त्याला त्या रात्री विचारले नाही; पुढेही कधी विचारले नाही. मी फक्त खोडरबर घेतले आणि काट पुसली.

‘मग ३,८०० कुठून आणायचे?’ बऱ्याच वेळाने मी म्हणालो.

त्याने यादीतली आठवी ओळ खोडली. चोवीस इंची, सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर : १०,५००. त्याच्या जागी लिहिले : बावीस इंची, ७५ वेळा बदलणारा, ६,७००. हिशेब पुन्हा तितकाच चोख जुळला. मी म्हणालो, ‘अरे, ज्याच्याकडे दिवसभर बघायचं तेच कापतोस?’

तो म्हणाला, ‘मॉनिटर कमी पडला तर मॉनिटरच कमी पडेल, बाबा. त्यामुळं दुसरं काही जळणार नाही.’

गेली कित्येक वर्षे मी याद्या करतो आहे, पण काट कुठे मारावी याचा एवढा सोपा नियम मला कुणी सांगितला नव्हता. ज्या वस्तूची उणीव तिच्यापुरती राहते ती खुशाल कापावी. जिची उणीव शेजारच्याला भोगावी लागते तिला हात लावू नये. मी नेमके उलटे करत आलो होतो. दिसेल ते राखावे आणि न दिसेल ते कापावे, ही माझी रीत.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला त्या रस्त्याने अजून सोडलेले नाही. १९८३ साली मी मामाबरोबर इथे ट्रान्झिस्टरचे सुटे भाग आणायला आलो होतो. तेव्हा काउंटरवर कंडेन्सर आणि कॉइली असत. आता तिथे रॅमच्या पट्ट्या आणि पंखे. गर्दी तीच, गाळे तेच, आणि ‘शेवटचा भाव’ विचारताच दुकानदाराच्या चेहऱ्यावर येणारे दुःखही तेच.

मुलाने दोन-तीन दुकानांत भाव काढले. मदरबोर्ड घेताना, या प्रोसेसरला ओळखणारे बायोस त्यात आधीच भरले आहे ना, हे त्याने बजावून विचारले. वॉरंटीसाठी प्रत्येक वस्तूचे पक्के बिल मागितले. एसएमपीएसची पाळी आली तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. खिसा कुणाचा आहे हे त्या मंडळींना बरोबर कळते. ‘अंकल, इतना महंगा किस लिए? ये लो, पाचसौ वॅट, आठसौ रुपया.’ त्याने तो डबा माझ्या हातात ठेवला. दुसऱ्या हातात मुलाने त्याचा ५५० वॅटचा ठेवला. एक दुधाच्या रिकाम्या किटलीसारखा हलका, आणि दुसरा भरलेल्या किटलीसारखा. वजन हा काही शास्त्रोक्त पुरावा नव्हे. पण माझ्या हातांना त्या क्षणी तो पुरला. मी हलका डबा काउंटरवर परत ठेवला आणि म्हणालो, ‘नको. आम्हाला हाच हवा.’ मुलगा बिलाकडे पाहत होता. पण त्याने ऐकले असावे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणाच्या टेबलावर जुळणी मांडली. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता आणि तेलकट हाताने कुणी टेबलाकडे फिरकू नये असा चिरंजीवांचा हुकूम होता. त्या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ बारीक पाय असतात. एक वाकडा झाला तर साडेबारा हजार पाण्यात. एका कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बैठकीवरच्या त्रिकोणाशी जुळवून त्याने तो नुसता वर ठेवला. दाबला नाही, तो आपल्या वजनाने खाली बसला. मग त्याच्या पाठीवर थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका, वर पंखा; रॅमच्या पट्ट्या ‘खट्’ करून बसल्या; आणि तळघरात गेला तो जड डबा. चार स्क्रू आवळले, पत्रा लावला, आणि तो दिसेनासा झाला. मला काम मिळाले ते एकच : मॉनिटरची वायर लावायची.

बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. दहा मिनिटे घरात कुणी बोलले नाही. रॅम काढून पुन्हा लावली, पुन्हा बटण दाबले; काळोख. माझ्या डोळ्यांपुढे साठ हजारांचा आकडा फिरू लागला, आणि खरे सांगतो, मी नाकाने धुराचा वास शोधत होतो. मग मुलगा मागच्या बाजूला वाकला आणि हसत सुटला. मी वायर मदरबोर्डाच्या भोकात खुपसली होती. या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढता येत नाही. वायर ग्राफिक्स कार्डाला लागते. त्याने ती बदलली आणि पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. पत्नीने चकलीची पहिली ताटली आणून त्याच्यापुढे ठेवली. दुसरी, थोडी मोडलेली, माझ्यापुढे.

आज कुणी हीच यादी घेऊन बाजारात गेले तर आकडे निराळे निघतील. रॅमचे भाव तर २०२५ च्या उत्तरार्धात भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या अवाढव्य केंद्रांनी मेमरीच्या चिपा ओढून घेतल्या, आणि त्याची झळ घरात यंत्र जुळवणाऱ्यांना लागली. पण काट मारण्याचा नियम भावाबरोबर बदलत नाही. मध्यंतरी मुलाने आपल्या शिकवणीच्या पैशांतून १४४ वाला मॉनिटर आणला. जुना काढून नवा लावायला पाच मिनिटे लागली. तळघरातल्या डब्याला हात लावावा लागला नाही.

माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच. २०११ साली आम्ही आईच्या खोलीची तार बदलली होती. बाकीच्या घरात २००४ चीच होती. ते मला ठाऊक होते आणि मी त्याचा विचार टाळत होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मी वायरमनला बोलावले आणि सगळ्या खोल्यांची यादी करायला सांगितली. त्याने विचारले, ‘साहेब, तार कुठली?’ मी म्हणालो, ‘तुमच्या घरात घालाल ती.’ जुने पाइप नव्या तारेला अपुरे पडले, म्हणून दिवाणखान्याची भिंत थेट खालपर्यंत खणावी लागली आणि कडेच्या तीन फरश्या फुटल्या. तसल्या फरश्या आता मिळत नाहीत. दुसऱ्या बसवल्या त्यांचा रंग किंचित निराळा आहे.

दिवाळीला माणसे येतात, त्यांना तो निराळा रंग दिसतो. कुणी विचारलेच तर मी सांगतो, ‘वायरिंग नवीन केलं.’ ते मान डोलावतात आणि चिवड्याच्या वाटीकडे वळतात. आतल्या खोलीतून मुलाच्या खेळातल्या मोटारींचा आवाज येत असतो. पूर्वी मी दार लावून घ्यायला सांगत असे. हल्ली सांगत नाही.